एकही तिखट निघणार नाही

३ मे

अडतीस वर्षं सान्तियागो ते कोरुन्या बस चालवली आणि रोज संध्याकाळी नोंदवही भरली. किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, उशीर झाला तर का झाला. गेल्या शुक्रवारी निवृत्त झालो. चार दिवस काहीच लिहिलं नाही, तर हात शिवशिवायला लागले. म्हणून ही वही.

आज सकाळी नऊला उठलो. उशिराचं कारण: झोप.

आईच्या माघारी परसातलं पॉलीहाऊस नुसतं पडून होतं. ते साफ करून त्यात मिरचीची चाळीस रोपं लावली. आपली इथली छोटी हिरवी मिरची. तेलात परतायची, वर जाडं मीठ, देठाला धरून अख्खी तोंडात. दहातल्या नऊ गोड निघतात आणि दहावी कानातून धूर काढते. दहावी कोणती, ते खाईपर्यंत कळत नाही.

कासिल्दा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुला झाडांतलं काय कळतं?"

मी म्हणालो, "पंचावन्न प्रवासी सांभाळायचो. चाळीस रोपं काय जड आहेत?"

"प्रवासी उतरून जायचे, एलादिओ," ती म्हणाली आणि आत गेली. बायको शहाणी आहे माझी, पण कधी कधी विषय सोडून बोलते.

११ जून, रविवार

आज व्याही आले होते जेवायला. आमची उशीया १२ ऑगस्टला आंशोशी लग्न करणार. उशीया गुराढोरांची डॉक्टर, आंशो शाळेत गणित शिकवतो. मुलगा चांगला आहे, जेवताना फोन बघत नाही. त्याचे वडील बासिलिओ. विगोला हार्डवेअरचं दुकान, बायको जाऊन सहा वर्षं झाली. नाकासमोर चालणारा माणूस, पण खिळे-मोळे विकून विकून बोलण्यालाही टोक आलंय.

माशांचं कालवण झाल्यावर ते म्हणाले, "पोरं माझ्या दुकानाच्या वर राहतील. तीन खोल्या रिकाम्याच आहेत."

मी म्हणालो, "पोरं आमच्या वरच्या मजल्यावर राहतील. मी रंग काढायला घेतलाय."

"कुठला रंग?"

"फिका पिवळा."

"पिवळ्यात ओल लगेच दिसते," बासिलिओ म्हणाले.

आवाज कुणीच चढवला नाही. टेबलावरचे ग्लास मात्र थरथरत होते. आंशो म्हणाला, "आम्हाला जरा सांगायचं होतं..." तेव्हा आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "थांब, मोठी माणसं बोलताहेत." एवढ्या एका बाबतीत आमचं जमलं.

तेवढ्यात कासिल्दाने बाजारातून आणलेल्या मिरच्या परतून आणल्या. बासिलिओंनी पहिलीच उचलली आणि नेमकी दहावी निघाली. अर्धा जग पाणी प्यायल्यावर म्हणाले, "तुमच्या गावात पाहुण्याला चटका देऊनच परत पाठवतात वाटतं."

मला राग आला. मी म्हणालो, "ही बाजारची. माझ्या झाडांवरची एकही तिखट निघणार नाही."

"एकही?"

"एकही."

मग ठरलं ते असं. लग्नाच्या दिवशी माझ्या झाडांच्या चोवीस मिरच्यांचं ताट मांडायचं. बारा त्यांनी खायच्या, बारा मी. सगळ्या गोड निघाल्या तर पोरं इथे राहणार. एक जरी तिखट निघाली तर विगोला. आम्ही हात मिळवले. उशीयाने कपाळ टेबलावर टेकवलं. दमली असेल बिचारी. गाईंचं काम म्हणजे अंगमेहनतीचं.

१३ जून

सोसायटीत जाऊन सबेलाला भेटलो. ती तिथली कृषी सल्लागार, वय तीस असेल, पण चिखलाचे बूट घालून बसते म्हणजे कामाची आहे. तिला विचारलं, मिरची तिखट का होते?

ती म्हणाली, "झाडाला त्रास झाला की, काका. पाणी तुटलं, ऊन तापलं, मुळांना धक्का बसला, की ते स्वतःला वाचवायला फळात तिखट भरतं. तुम्ही पाणी बेताचं द्या, दुपारची सावली करा, हवा खेळती ठेवा. आणि मुख्य म्हणजे मिरची बोटाएवढी झाली की तोडत राहा. तोडायला उशीर केलात तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. मुद्दा माझ्या लक्षात आला होता. त्रास नाही, तर तिखट नाही. साधी गोष्ट आहे. बसमध्येही असंच असतं. खड्डे चुकवले की प्रवासी भांडत नाहीत.

१४ जून

पॉलीहाऊसच्या दाराला पाटी लावली: 'आत चिंता, भांडण, रडारड, वाईट बातम्या आणू नयेत. हळू बोलावे.'

कासिल्दाने पाटी वाचली आणि विचारलं, "आणि चांगल्या बातम्या?"

म्हटलं, त्याही एकदम सांगू नयेत. दचकतात.

२० जून

पहिला अपघात. सासूबाई आत शिरल्या. एर्मेलिन्दा सासूबाईंचं वय अठ्ठ्याऐंशी, कान अर्धे, आवाज दुप्पट. सकाळच्या पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना कॉफी गोड लागत नाही. मी ठिबकची नळी सरळ करत होतो, पाठीमागून आवाज आला, "फोन्तानचा बेनिग्नो गेला. ट्रॅक्टरखाली." मग आणखी दोघं वाचून दाखवले, एक लांबच्या आजाराने आणि एक पायऱ्यांवरून.

संध्याकाळी खिडकीकडच्या रांगेतल्या चौथ्या रोपाचं एक पान गळालं. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

मी त्यांना प्रवेशबंदी केली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या वयाला चांगल्या बातम्या येतात कुठून?" शेवटी तडजोड झाली. त्यांनी आत येऊन फक्त हवामान वाचायचं. तेही ऊन असेल तर गाळायचं.

२७ जून

उशीया आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, लुगोबद्दल बोलायचंय तुझ्याशी."

मी विचारलं, "बातमी चांगली आहे की वाईट?"

"कुणासाठी त्यावर आहे."

"मग इथे नको. बाहेर बोलू."

"बाहेर तू असतोस कधी?"

हे खरं आहे. सकाळच्या कॉफीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत मी इथेच असतो. दुपारचं जेवणही कासिल्दा आणून देते. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला फुलं दाखवली. चाळीसपैकी एकतीस झाडांना फुलं आहेत. लुगो काय, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, पळून जात नाही. तिथल्या रस्त्याबद्दल काही विचारायचं असेल. मला पाठ आहे तो.

५ जुलै

मिरच्या बोटाएवढ्या झाल्या. कासिल्दा कात्री घेऊन आली. "काढ आता."

मी कात्री घेतली, पहिल्या देठाला लावली आणि हात थांबला. तोडणं हा त्रास नाही तर काय आहे? इतके दिवस जपायचं आणि आता कात्री लावायची? मी ठरवलं, लग्नाच्या सकाळपर्यंत एकही तोडायची नाही. आईच्या अंगाखांद्यावर राहू देत.

कासिल्दा म्हणाली, "काढायच्या वेळी काढली नाही, की तिखट होते."

ती हे म्हणाली तेव्हा तिचं लक्ष झाडाकडे नव्हतंच. फाटकातून उशीयाची गाडी बाहेर पडत होती, तिकडे बघत होती. मिरचीबद्दल बोलायचं तर मिरचीकडे बघून बोलावं माणसाने.

१२ जुलै

छत्तीस डिग्री. आमच्या भागात एवढं ऊन म्हणजे लोक एकमेकांना फोन करून सांगतात. मी तातडीने पावलं उचलली. दोन पंखे. शेडनेट पुरेना म्हणून कासिल्दाच्या लग्नातल्या तागाच्या चार चादरी ओल्या करून वरून टांगल्या. पाणी दिवसातून तीनदा. रेडिओवर आधी गायता लावला, आपला बासरीचा पिशवीवाजा, पण झाडं अंग चोरून घ्यायला लागली असं वाटलं. मग सावकाश अकॉर्डियन लावलं.

कासिल्दाने चादरींचं विचारलं. सांगितलं. तिने एका चादरीचं टोक पिळलं. मग म्हणाली, "एलादिओ, मला बाळंतपणात सुद्धा तू एक पंखा लावला होतास."

"तेव्हा एकच होता," मी म्हणालो.

ती आज माहेरच्या खोलीत, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत झोपणार आहे. त्या घोरतात, म्हणजे उकाड्याचंच कारण असावं. तिच्याकडची खिडकी उत्तरेला आहे.

१४ जुलै

पानं पिवळी पडताहेत. सबेलाला बोलावलं. तिने माती मुठीत दाबली, तर पाणी गळलं.

"काका, ही बुडताहेत. मुळांना श्वास घेता येत नाहीये."

"पण मी त्यांना कसलाच त्रास दिलेला नाही."

"अति लाड झाले की तोही त्रासच, काका. झाडाला थोडं स्वतःचं स्वतः करू द्यावं लागतं. आणि या मिरच्या अजून झाडावर का आहेत? मी म्हटलं होतं ना की..."

मी तिला पाटी दाखवली. ती वाचून बाहेर गेली आणि कुंपणाबाहेर उभी राहून कासिल्दाशी बराच वेळ बोलत राहिली. दोघी हसत होत्या. तरुण पिढीला धीर कमी असतो, पण मी तिचं ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये. पाणी तीनदाचं अडीचदा केलं.

२५ जुलै

सान्तियागोचा सण. सगळं गाव आतषबाजी बघायला गेलं. मी गेलो नाही. आवाजाने झाडं बिचकतील म्हणून पॉलीहाऊसच्या भिंतींना गोधड्या लावत बसलो.

बासिलिओंचा फोन आला. "काय व्याही, लग्नाला अग्निशमन दलाची गाडी सांगून ठेवू का?"

"तुम्ही वरच्या तीन खोल्या भाड्याने द्यायची जाहिरात सांगून ठेवा," मी म्हणालो.

मागून आंशोचा आवाज येत होता, "बाबा, ऐकून घ्या ना एकदा, लुगोचं घर..." बासिलिओ म्हणाले, "थांब रे, मोठी माणसं बोलताहेत."

ही पोरं लुगो लुगो काय करत असतात कोण जाणे. मधुचंद्राला जायचं असेल. मी असतो तर समुद्राकडे गेलो असतो.

३ ऑगस्ट

आज पुन्हा बासिलिओंचा फोन. पण आवाज वेगळाच. खिळे नाहीत, टोक नाही. म्हणाले, "व्याही, जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

"झाडं बरी आहेत?"

"उत्तम."

"बरं बरं. फार मनाला लावून घेऊ नका हं. पोरांचं म्हणजे... असो. तुम्ही पिवळा रंग दिलाय तो छानच दिसत असेल."

मी फोन ठेवला आणि कासिल्दाला सांगितलं, "माणूस घाबरला. आता मला लोणी लावतोय."

कासिल्दाने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मी दचकलो. ती परवाच आमच्या खोलीत परत आली आहे.

८ ऑगस्ट

मिरच्या आता माझ्या तळहातापेक्षा मोठ्या आहेत. एवढ्या मोठ्या मी कुठे पाहिल्याच नाहीत. काहींवर रेषा उमटल्यात, चार-पाचांची टोकं लाल व्हायला लागलीत. सासूबाई हवामान वाचायला आल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, या मिरच्या आहेत की वांगी?" त्यांची दृष्टी अधू आहे.

चाखून बघायचा विचार आला होता. पण चाखायची तर तोडावी लागणार. मला माझ्या झाडांवर विश्वास आहे.

घरात सामानाची आवराआवर चालली आहे. उशीयाच्या खोलीत खोक्यांची थप्पी लागली आहे आणि प्रत्येक खोक्यावर लिहिलंय: लुगो, स्वयंपाकघर. लुगो, पुस्तकं. लुगो, चपला. कुणीतरी लुगोहून घर बदललं असेल, त्यांची जुनी खोकी हिने आणली. माझ्यासारखीच काटकसरी आहे पोरगी. सगळं वरच्या मजल्यावर तर न्यायचंय, त्याला नवी खोकी कशाला?

१३ ऑगस्ट

काल लिहायला जमलं नाही. उशिराचं कारण: ओठ. लिहायला ओठ लागत नाहीत हे कबूल, पण काल रात्रीपर्यंत मला ओठांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

क्रमाने लिहितो.

बाराचं लग्न चर्चमध्ये वीस मिनिटं उशिराने लागलं. उशिराचं कारण: सासूबाई. उशीया फार सुंदर दिसत होती. मी तिला आत नेताना ती म्हणाली, "बाबा, जेवणाच्या आधी दोन मिनिटं दे मला." मी म्हणालो, "जेवणाच्या आधी मिरच्या तोडायच्यात गं." तिने माझा हात दाबला आणि आम्ही चालत राहिलो.

मिरच्या तोडताना मला रडू आलं. चोवीस निवडल्या. टोपलीत त्या पोपटासारख्या दिसत होत्या.

आमच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली साठ माणसं बसली होती. ऑक्टोपस झाला, माशाची भरली रोटी झाली, कोकरू झालं. मग कासिल्दा मिरच्या परतायला आत गेली. स्वयंपाकघरातून खोकण्याचे आवाज येत होते, पण धूर झाला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. ती ताट घेऊन बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मुलीचं लग्न म्हटल्यावर आईचे डोळे असणारच. ताट ठेवताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "एलादिओ, अजूनही सोडून दे." मी मान हलवली.

मी आणि बासिलिओ समोरासमोर बसलो. सासूबाई मोजणार होत्या. सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या.

पहिली बासिलिओंची. देठाला धरली, दोन घासांत संपवली, कारण एका घासात मावत नव्हती. सावकाश चावली. मानेपासून कपाळापर्यंत लाल रंग चढत गेला. डोळ्यांत पाणी तरळलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"गोड," ते म्हणाले. आवाज जरा खोल गेला होता. "पोरांचं सुख बघून भरून आलं मला."

मग माझी पहिली.

वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून लिहितो. चावलो तेव्हा काही नाही. गिळलं तेव्हा काही नाही. मग जिभेच्या मुळाशी कुणीतरी बसचं इंजिन चालू केलं. १९९४ साली मेसोनजवळच्या घाटात रेडिएटर फुटला होता, आणि मी झाकण उघडलं होतं, तेव्हा जी वाफ आली ती आता माझ्या नाकातून बाहेर पडत होती.

"कशी आहे?" बासिलिओंनी विचारलं.

"लोणी," मी म्हणालो.

"दोन," सासूबाई म्हणाल्या.

तिसरी त्यांची. गोड. चौथी माझी. लोणी. पाचवी, सहावी. बासिलिओंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्याही. ते पुन्हा म्हणाले, "सुख बघून." मीही म्हणालो, "सुख बघून." शेजारच्या टेबलावरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "असे व्याही मिळायला भाग्य लागतं." पाहुण्यांतल्या एकाला राहवलं नाही, त्याने गायता काढून वाजवायला घेतला. दहाव्या मिरचीला बासिलिओंनी माझा हात धरला. मीही त्यांचा धरला. दोघांचेही हात घामाने भिजले होते.

सासूबाई मोजता मोजता म्हणाल्या, "जावईबापू, एवढं तर माझ्या नवऱ्याच्या मयतालाही कुणी रडलं नव्हतं."

चोविसावी माझी होती. लाल टोकाची. तिच्याबद्दल लिहीत नाही.

बासिलिओ उठले, टेबलाला धरून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकही तिखट नाही. एलादिओ जिंकले." टाळ्या वाजल्या. मला उत्तराचं भाषण करायचं होतं, मी ते पाठही केलं होतं. तोंड उघडलं, तर आवाजच आला नाही. ओठ टायरच्या ट्यूबसारखे फुगले होते. मी मक्याचा पाव तोंडात कोंबला.

तेव्हा उशीया खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. पांढऱ्या पोशाखात, हातात दुधाचा पेला.

"बाबा, बोलता येतंय तुला?"

मी मान हलवली. नाही.

"छान," ती म्हणाली. "मग आता ऐक."

आणि तिने सांगितलं. आंशोला लुगोच्या शाळेत कायमची नोकरी मिळाली आहे, मे महिन्यातच. तिलाही तिथल्या गुरांच्या दवाखान्यात जागा मिळाली. घर जूनमध्ये ठरलं, आम्ही व्याह्यांनी हात मिळवले त्याच्या आदल्या आठवड्यात. विगो नाही, इथेही नाही. "आईला पहिल्या दिवसापासून माहितीये. बासिलिओंना आम्ही एक ऑगस्टला दुकानात गाठून सांगितलं. तुला सांगायला मी पाच वेळा आले, बाबा. पाचही वेळा तू तोंडावर बोट ठेवलंस."

मी पाव चावत राहिलो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण तोंडात पाव होता आणि पावामागे आग होती.

"रागावलास?"

मी मान हलवली. नाही म्हणून हलवली, पण ती उभी हलली की आडवी ते मला नक्की आठवत नाही. तिने दुधाचा पेला माझ्या तोंडाला लावला आणि संपेपर्यंत धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. त्यातलं मिरचीचं किती आणि बाकीचं किती, हे कुणी मला विचारू नये.

एक गोष्ट मात्र विलक्षण झाली. माझ्या वाट्याच्या बाराही तिखट आणि बासिलिओंच्या बाराही गोड. हा निव्वळ दुर्दैवाचा भाग.

१६ ऑगस्ट

खोकी गेली. टेम्पो आंशोने आणला होता. मागे घेताना त्याने फाटकाच्या खांबाला घासला, मी काही बोललो नाही. उशीयाने मिरचीचं एक रोप मागितलं. खिडकीकडच्या रांगेतलं चौथं दिलं, ते पान गळालेलं. सूचना लिहून दिल्या, दोन्ही बाजूंनी भरलेली चार पानं. तिने घडी घालून पर्समध्ये ठेवली. वाचली नाही.

वरच्या मजल्यावर जाऊन बसलो जरा वेळ. पिवळा रंग चांगला लागलाय. कोपऱ्यात ओल दिसते आहे.

१९ ऑगस्ट

दुपारी जेवताना मी कासिल्दाला तो दुर्दैवाचा भाग सांगितला. ती जेवायची थांबली.

"एलादिओ, मी त्या परतल्या तेव्हा खिडकी उघडून डोकं बाहेर काढावं लागलं मला. आईला दोन खोल्या पलीकडे शिंका येत होत्या. आणि तुला वाटतं, त्यातल्या नेमक्या बारा गोड होत्या?"

"पण मग ते रडत होते ते..."

"तू का रडत होतास?"

मी चमचा खाली ठेवला. मग विगोला फोन लावला.

"व्याही," मी म्हणालो, "तुमच्या तिखट होत्या का?"

पलीकडे गल्ल्याचा खण बंद झाल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या?"

मी ओठ चाचपले.

"तुम्हाला तर लुगोचं माहीत होतं," मी म्हणालो. "मग कशाला गिळल्या? एक तिखट म्हणाला असतात तर सुटला असतात."

"साठ माणसांसमोर?" बासिलिओ म्हणाले. "लग्नाचा फोटोवाला उभा होता समोर. आणि तुम्ही लहान पोरासारखे खुश दिसत होतात." मग खाकरून म्हणाले, "चला, दुकान बंद करायची वेळ झाली."

दुपारचे पावणेतीन झाले होते. मी तेवढ्यावर फोन ठेवणार होतो, पण तेच पुढे म्हणाले, "मीही रंग काढून घेतला होता वरच्या खोल्यांना. निळा."

मी म्हणालो, "सोमवारी या इकडे. रिकाम्या पोटी या मात्र. सासूबाईंना तुम्ही आवडलात, त्या पेपर वाचून दाखवतील."

२१ ऑगस्ट

बासिलिओ आले. बरोबर चांगली कात्री आणली दुकानातली. सबेलाही आली. तिघांनी मिळून झाडांवरच्या सगळ्या थोराड मिरच्या काढल्या, तीन टोपल्या भरल्या. चादरी उतरवल्या. पंखे काढले. पाणी दिवसाआड.

सबेला म्हणाली, "आता बघा, दोन आठवड्यांत नव्या धरतील."

"इतकं ओरबाडल्यावर?"

"काढलं म्हणूनच धरतील, काका."

बासिलिओंनी दाराची पाटी वाचली आणि विचारलं, ही राहू द्यायची का. मी म्हणालो, राहू द्या, खिळे चांगले बसलेत. सासूबाई आत आल्या आणि पाटीखाली उभं राहून त्यांनी आजच्या सगळ्या मयती वाचून दाखवल्या. बासिलिओंनी दोघांना ओळखलं.

७ सप्टेंबर

नव्या मिरच्या. बोटाएवढ्या. चाळीस तोडल्या, म्हणजे एकोणचाळीस झाडांच्या. जेवताना मी अठरा खाल्ल्या, कासिल्दाने बारा, सासूबाईंनी दहा. तिखट: दोन. दोन्ही सासूबाईंच्या वाट्याला आल्या. त्यांनी मीठ कमी पडलंय म्हणून तक्रार केली.

१६ सप्टेंबर, शनिवार

लुगोहून लिहितोय. मी आणि बासिलिओ बसने आलो. कासिल्दा म्हणाली, तुम्ही दोघं आधी जा, मी नंतर निवांत जाईन. चालक नवा होता, वळणावर उशिरा ब्रेक लावत होता. मी त्याला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बासिलिओंनी मला हाताला धरून खाली बसवलं.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लहान आहे. भिंती पांढऱ्या. आम्ही दोघंही भिंतींबद्दल काही बोललो नाही.

जेवणानंतर बाल्कनीत गेलो आणि दारातच थबकलो. मी दिलेलं रोप पार मान टाकून होतं. पानं फडक्यासारखी लोंबत होती. कडक ऊन, सिमेंटची बाल्कनी, सावली नाही. मी जग घ्यायला वळलो, तर बासिलिओंनी तो आधीच भरून आणला होता.

उशीया दारात आली. "ठेवा ते खाली."

"अगं, मरतंय ते," मी म्हणालो.

"माती बघ. ओली आहे. सकाळीच घातलंय मी. दुपारी ते रोज असंच मान टाकतं, बाबा. ऊन उतरलं की आपलं आपण उठतं. तुम्ही दोघं बसा इथे. हात लावायचा नाही."

तिने दोन खुर्च्या टाकल्या आणि जग घेऊन आत गेली. आतून तिचा आणि आंशोचा आवाज येत होता, कसलं तरी कपाट कुठे ठेवायचं यावर वाद चालला होता. मी उठायला लागलो. बासिलिओ म्हणाले, "बसा, व्याही." मी बसलो. थोड्या वेळाने तेच उठायला लागले. मी त्यांना बसवलं. कपाट त्यांचं त्यांनी कुठेतरी ठेवलं.

चार वाजले, पाच वाजले. आम्ही हात मांडीवर ठेवून त्या रोपाकडे बघत राहिलो. साडेसहाला ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं. मग एक पान किंचित वर आल्यासारखं वाटलं. मी काही म्हटलं नाही, डोळ्यांना भास झाला असेल. पण आठ वाजता रोप ताठ उभं होतं, सगळी पानं पसरून, वर तीन पांढरी फुलं. उशीया बाहेर आली, तिने बघितलं, आमच्या दोघांच्या डोक्यांवरून एकेकदा हात फिरवला आणि जेवायला चला म्हणाली.

ती आत गेल्यावर बासिलिओ माझ्याकडे झुकले. "तुम्हाला म्हणून सांगतो," ते हळूच म्हणाले, "तुम्ही मघाशी बाथरूमला गेला होतात ना, तेव्हा मी त्या मिरचीशी दोन शब्द बोललो. ऊठ म्हटलं बाई, लेकीच्या घरी असं करू नये. म्हणून उठली."

मी त्यांना काही म्हणालो नाही. चांगला माणूस आहे, त्याचा आनंद कशाला घालवा. पण वहीत खरं तेच लिहायचं. मी साडेचारपासून मनातल्या मनात तिच्याशी बोलत होतो.